बबल सीपॅपचे बुडबुडे पहाटे थांबतात. फ्लो वाढवणं बरोबर आहे का?

परभणी_आरटी:
नवजात विभाग. १४०० ग्रॅमचं, ३१ आठवड्यांचं लेकरू. बबल सीपॅप (नाकातून सतत दाबानं हवा देतं; परतीची नळी बाटलीतल्या पाण्यात जितके सेंमी बुडते तितका दाब) ६ सेंमी, फ्लो मिनिटाला ८ लिटर, ऑक्सिजन ३० टक्के. रात्री दहापर्यंत सगळं छान. पहाटे चारच्या सुमारास बुडबुडे तुटक होतात, मग थांबतात. ड्यूटीवर असेल तो फ्लो १० वर नेतो. बुडबुडे परत येतात, पण सॅच्युरेशन ८८-८९ वर घुटमळतं आणि राऊंडपर्यंत ऑक्सिजन ४५ टक्क्यांवर गेलेला असतो. परतीच्या नळीत पाणी दिसतं. बाटली साधी, खुणा केलेली, जादा पाणी बाहेर जायला तोंड नाही. नेमकं कुठं शोधू? आणि हवा गरम-ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या चेंबरमध्ये उकळून गार केलेलं पाणी चालतं का?

लातूर_एनआयसीयू:
फ्लोच्या नॉबला हात लावायच्या आधी एक करा. प्रॉंग (नाकात बसवायची दुहेरी नळी) नाकातून काढा, ग्लोव्हज घातलेल्या बोटांनी दोन्ही टोकं बंद करा आणि बाटलीकडं बघा. बुडबुडे आले तर सर्किट (नळ्या आणि जोड) ठीक, गळती लेकराकडं. नाही आले तर ह्युमिडिफायर चेंबरची सीट, तापमान मोजणाऱ्या प्रोबची भोकं आणि जोड एकेक करून हाताने चाचपा. टेम्परेचर प्रोब अर्धवट बसलेला असणं हे बऱ्याचदा सापडणारं कारण. पाच-दहा सेकंदांचं काम आहे.

गळती लेकराकडं असेल तर प्रॉंगचा नंबर बघा. १४०० ग्रॅमला साधारण २ नंबर लागतो. लहान प्रॉंग बाजूनं हवा सोडतो. सैल प्रॉंग आत ढकलून बसवू नका. प्रॉंगचा आडवा भाग आणि नाकाच्या मधल्या पडद्यात २-३ मिमी फट दिसलीच पाहिजे. पडद्यावर दाब राहिला की आधी लाली, मग काळपट डाग, मग जखम. तोंड उघडं राहत असेल तर हनुवटीला मऊ पट्टी, पण घट्ट नको, उलटी झाली तर बाहेर यायला वाट हवी.

बीड_बालरुग्ण:
एवढं कशाला? फ्लो १२ ठेवा, बुडबुडे दणकून येतात, रात्रभर बघायला लागत नाही.

जालना_सिस्टर:
नाही हो सर. बुडबुडे येणं म्हणजे सर्किटमध्ये मोठी गळती नाही एवढंच. नाकात शेंबूड अडकला, मान वाकली, प्रॉंग पिळला, तरी बाटली खळखळतच राहते. आणि फ्लो जास्त असला की परतीच्या नळीचा रोध वाढतो, नाकाशी दाब बाटलीतल्या सेंमीपेक्षा वर जातो. बुडबुडे सतत आणि हलके यावेत, यासाठी ५ ते ८ लिटर पुष्कळ झाले.

परभणीवाल्या भाऊंसाठी: माझा संशय बाटलीवर आहे. ३७ अंशांच्या ओलसर हवेत लिटरमागं सुमारे ४४ मिलिग्रॅम पाणी असतं. खोली २६ अंशांवर असेल तर त्या हवेत जेमतेम २४ राहतं. म्हणजे लिटरमागं २० मिलिग्रॅम नळीतच गळतं. ८ लिटर फ्लोला तासाला ४८० लिटर, म्हणजे जास्तीत जास्त ९-१० मिली. नाकातोंडातून सुटतं ते वजा करा. बाटलीचा तळ ८ सेंमी व्यासाचा असेल तर १० तासांत पातळी दीड-पावणेदोन सेंमी चढते. रात्री ६ सेंमीला लावलेला दाब पहाटे पावणेआठ सेंमीच्या आसपास! एवढं खोल पाणी ढकलण्यापेक्षा हवा उघड्या तोंडातून निघून जाते, म्हणून बुडबुडे थांबतात. मग कुणी फ्लो वाढवतं आणि लेकराच्या छातीवर दाब अजून चढतो.

उपाय साधा आहे. ६ च्या रेषेवर चिकटपट्टी लावा, दर दोन तासांनी ५० मिलीच्या सिरिंजला फीडिंग ट्यूब जोडून जादा पाणी ओढून घ्या आणि किती निघालं ते चार्टवर लिहा. परतीची नळी लेकराकडून बाटलीकडं सरळ उतरती ठेवा. झोळ पडला की त्यात पाणी साचतं आणि बुडबुडे तुटक येतात. साचलेलं पाणी नेहमी बाटलीकडंच सोडा. लेकराकडं किंवा परत चेंबरमध्ये कधीच नाही. एसीचा झोत नळीवर येत असेल तर तो आधी वळवा.

लातूर_एनआयसीयू:
सिस्टरचं बरोबर. पाण्याबद्दल: उकळल्यानं जंतू मरतात, क्षार तसेच राहतात. आपल्याकडच्या बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्यानं चहाच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो, तोच चेंबरच्या तळाला बसतो. मग उष्णता नीट पोचत नाही, पाण्याची पातळी राखणारा फ्लोट अडकतो, आणि नाकातला शेंबूड वाळून प्रॉंग बुजतो. फक्त स्टराइल डिस्टिल्ड वॉटर. सलाईन तर नाहीच नाही.

जालना_सिस्टर:
एक राहिलं. तोंडातून पोटात घातलेली नळी उघडी ठेवता ना? बंद राहिली तर पोट फुगून डायफ्राम वर दाबला जातो, श्वास अजून जड.

नांदेड_पीआयसीयू:
ऑक्सिजन ३० वरून ४५ वर जाईपर्यंत सकाळची वाट बघू नका. ३० च्या पुढं गरज वाढायला लागली की डॉक्टरांना उठवा, सर्फॅक्टंटचा (फुप्फुसं उघडी ठेवणाऱ्या औषधाचा) निर्णय तिथंच होतो. सॅच्युरेशन अचानक कोसळलं आणि एका बाजूला हवा कमी ऐकू आली तर आधी न्यूमोथोरॅक्सचा (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साचण्याचा) विचार करा. दिवे मालवून छातीला कोल्ड लाइट (गरम न होणारा तेज दिवा) लावा, बाधित बाजू उजळते. पातळी दोन सेंमी चढलेल्या बाटलीनंतर तर हे बघायलाच हवं.

आणि घाटीला (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात) हलवायचं ठरलं तर सिलिंडरचं गणित आधी करा. बी-टाइपमध्ये सुमारे १५०० लिटर. ब्लेंडर (हवा आणि ऑक्सिजन मिसळणारं यंत्र) नसेल आणि सगळा ८ लिटर ऑक्सिजनच असेल तर तीन तास, त्यातही शेवटचा पाव भाग हिशोबात धरू नका. परभणीहून रस्ता चार तास धरला तर दोन भरलेले आणि एक जादा. ब्लेंडर असेल तर ४० टक्क्यांना ८ लिटरपैकी जेमतेम २ लिटर ऑक्सिजन लागतो, पण हवेसाठी कॉम्प्रेसर चालता पाहिजे. १०० टक्के ऑक्सिजनवर एवढ्या लहान लेकराला तासन्‌तास ठेवणं डोळ्यांच्या पडद्याला महागात पडतं, म्हणून ब्लेंडरची सोय निघायच्या आधीच बघा.