सहा मिलिमीटरच्या पलटणी रंगवताना तपशील कुठे थांबवावा?

नवी_पलटण

सर्वांना नमस्कार. आतापर्यंत मी २८ मिलिमीटर उंचीच्या ऐतिहासिक सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती रंगवत आलो आहे. त्या आकारात बारा-पंधरा जणांची तुकडी मनासारखी उतरते, परंतु नेपोलियनविरुद्धच्या १८१५ मधल्या वॉटर्लूसारखी लढाई खेळासाठी मांडायची म्हटली की टेबलावर पलटणीऐवजी चार माणसांचा घोळका दिसतो, आणि म्हणून मी ६ मिलिमीटरच्या सैनिकांकडे वळलो. सुरुवात वॉटर्लूला लढलेले ब्रिटिश सेनाधिकारी कॉलिन हॅल्केट यांच्या ब्रिगेडपासून केली आहे. त्यांच्या हाताखाली ३०वी, ३३वी, ६९वी आणि ७३वी अशा चार ब्रिटिश पलटणी होत्या. ६० बाय ३० मिलिमीटरच्या एका बेसवर (सैनिक चिकटवायच्या तळपट्टीवर) एकत्र ओतलेल्या चार-चार सैनिकांच्या सहा पट्ट्या बसवून, म्हणजे २४ सैनिकांची दोन ओळींची रांग करून, एक पलटण उभी करायची असे ठरवले आहे.

३०वी पलटण मी जुन्याच पद्धतीने रंगवली. काळा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर), कोटाला लाल रंगाच्या तीन छटा, छातीवर फुली करणारे पांढरे पट्टे, बटणे, चेहऱ्यावर नाकाची उजळ रेघ, हे सारे केले. या एका बेसला नऊ संध्याकाळी गेल्या. भिंगाखाली पाहिले तेव्हा समाधान वाटले, पण बेस टेबलावर ठेवून उभा राहिलो तर समोर फक्त काळपट तांबडा डाग होता. पट्टे दिसत नव्हते, चेहरे दिसत नव्हते. अजून तीन पलटणी आणि समोरचे सगळे फ्रेंच सैन्य बाकी आहे, त्यामुळे पुढे जाण्यापूर्वी विचारतो: या आकारात तपशील कुठे थांबवावा, आणि रंग असे मरतात कशामुळे?

दूरची_रांग

दोष आपल्या हाताचा नाही, अंतराचा हिशेब राहून गेला आहे.

६ मिलिमीटरचा सैनिक साधारण १:३०० या प्रमाणात असतो. टेबलाशी उभे राहिल्यावर डोळा आणि सैनिक यांच्यात सुमारे ७५ सेंटीमीटर अंतर राहते. त्याला ३०० ने गुणले तर २२५ मीटर होतात. म्हणजे आपण खऱ्या पलटणीकडे सव्वादोनशे मीटरांवरून पाहत आहोत, आणि इतक्या लांबून माणसाच्या कोटाचा रंग, विजारीचा रंग, टोपीचा आकार, चेहऱ्याचा फिका ठिपका आणि उन्हात चमकलीच तर बंदूक, एवढेच कळते. बटण कळत नाही, नाक तर नाहीच. चांगल्या दृष्टीच्या माणसाला ७५ सेंटीमीटरवरून साधारण ०.२ मिलिमीटरपेक्षा बारीक गोष्टी वेगळ्या ओळखता येत नाहीत. साधारण पाच सेंटीमीटर रुंदीचा छातीवरचा पट्टा १:३०० मध्ये ०.१७ मिलिमीटर होतो, म्हणजे आपण तो अगदी प्रमाणात काढला असेल तर तो हरवणारच होता. तो दिसावा अशी इच्छा असेल तर दुपटीने जाड काढावा लागतो, आणि माझ्या मते तो तसाच काढावा, कारण लाल कोटावरची पांढरी फुली हीच त्या काळच्या ब्रिटिश पायदळाची लांबून पटणारी खूण आहे.

आता रंग मरण्याविषयी. २४ सैनिक खांद्याला खांदा लावून उभे असले की प्रत्येकाची सावली शेजाऱ्यावर पडते आणि दोन ओळींमधली फट मुळातच काळी दिसते. त्यात आपण काळा प्रायमर दिला, वर लाल रंगाची गडद छटा दिली. लांबून डोळा या तिन्ही छटा वेगळ्या ठेवत नाही, त्यांची एकच सरासरी करतो, आणि ती सरासरी काळ्याकडे झुकते. जी सावली खोलीतला दिवा फुकट देत होता ती आपण पुन्हा रंगाने दिली. म्हणून या आकारात प्रत्येक रंग खऱ्यापेक्षा एक पायरी उजळ घ्यावा. लाल थोडा नारिंगीकडे जाणारा, राखाडी विजार जवळजवळ फिकट राखाडी, त्वचा खऱ्या त्वचेपेक्षा गोरी. साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठाने रंगवलेला विटकरी लाल आणि अधिकाऱ्याचा भडक लाल हे खरे आहे, आणि अभ्यास केलेल्या माणसाला तो विटकरी रंग वापरण्याचा मोह होतो, पण या आकारात तो मोह आवरावा. पूर्ण पलटण तपकिरी दिसू लागते.

माझी पद्धत अशी. गडद तपकिरी प्रायमर देतो, तो वाळल्यावर फिकट राखाडी रंगात बुडवून कागदावर जवळजवळ पुसून घेतलेला कोरडा ब्रश वरून खाली फिरवतो. उंचवटे उजळतात, खाचा गडदच राहतात. त्यानंतर कोट, विजार, पाठपिशवी, चेहरा आणि हात असे एकेक रंग सपाट भरत जातो, फक्त दोन रंगांच्या सीमेवर केसाएवढी तपकिरी रेघ उघडी सोडतो. छटा काढायच्या नाहीत. ती उघडी रेघच छटेचे काम करते.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे बहुतेकांचे लक्ष उशिरा जाते. खेळाडू स्वतःच्या सैन्याच्या मागे उभा असतो आणि वरून पाहतो. त्यामुळे आपल्या सैनिकांच्या छातीपेक्षा त्यांच्या पाठी, खांदे आणि टोप्यांचे माथे आपल्याला कितीतरी अधिक वेळ दिसणार आहेत. ब्रिटिशांची काळी पाठपिशवी, तिच्यावरची राखाडी गुंडाळी आणि बाजूची पांढरी झोळी यांना वेळ द्या. तो वेळ चेहऱ्याच्या वाट्याचा काढून घेतला तरी चालेल.

निशाणबरदार

वरच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण जेवढे २२५ मीटरांवरून दिसते तेवढेच रंगवावे हा नियम शेवटपर्यंत ताणला तर हॅल्केट यांच्या चारही पलटणी हुबेहूब सारख्या होतील, आणि मग त्या चार वेगवेगळ्या रंगवण्याचे कारणच उरत नाही. ३०व्या पलटणीची कॉलर आणि बाहीची टोके फिकट पिवळी होती, ३३वीची लाल, ६९वीची हिरवी आणि ७३वीची गडद हिरवी. एका बेसवर २४ सैनिकांच्या मनगटांवर ४८ ठिपके द्यायला अर्धा तास पुरतो. ते ठिपके एकेकटे दिसत नाहीत हे मान्य, परंतु चारही बेस शेजारी ठेवले की त्यांच्यात काहीतरी फरक आहे हे डोळ्याला जाणवते, आणि हा फरक इतिहासाने दिलेला आहे, आपण बनवलेला नाही. मी तो सोडणार नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे निशाणे. ब्रिटिश पायदळाचे निशाण साडेसहा फूट लांब आणि सहा फूट उंच असे. १:३०० मध्ये ते साधारण ६.६ बाय ६.१ मिलिमीटर होते, म्हणजे ज्याच्या हातात ते आहे त्या माणसापेक्षाही मोठे! या आकारात रंगवणाऱ्याला इतकी सोय दुसऱ्या कुठल्याही गोष्टीने दिलेली नाही. उलट फ्रेंचांचे १८१२ च्या पद्धतीचे निशाण सुमारे ८० सेंटीमीटरचे चौरस असल्याने ते जेमतेम २.७ मिलिमीटर भरते, आणि तिथे मात्र निळा, पांढरा, लाल असे तीन उभे पट्टे ओळखू यावेत म्हणून बहुतेक जण ते दीडपट मोठे करतात. मीही करतो.

ब्रिटिश पलटणीकडे दोन निशाणे असत. राजाचे निशाण म्हणजे पूर्ण युनियन ध्वज. दुसरे पलटणीचे, ज्याची जमीन कॉलरच्या रंगाची आणि वरच्या कोपऱ्यात छोटा युनियन. ३३वीची कॉलर लाल असल्यामुळे तिचे दुसरे निशाण पांढरे आणि त्यावर लाल क्रूस असे होते. आपण हा बेस वॉटर्लूसाठी करत आहात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ६९व्या पलटणीचे राजाचे निशाण दोन दिवस आधी, १६ जूनला, कात्र ब्राच्या लढाईत फ्रेंच चिलखती घोडदळाने हिसकावून नेले होते. त्यामुळे १८ जूनच्या ६९व्या पलटणीत दोन निशाणे दाखवली तर ती चूक ठरेल. तिच्याकडे फक्त हिरवे निशाण होते.

निशाण कागदाचे करत असाल तर ते काठीभोवती दुमडून पांढऱ्या गोंदाने चिकटवा आणि गोंद ओला असतानाच त्याला लाटा द्या. वाळल्यावर कागदाची कापलेली पांढरी कड त्या-त्या रंगाने झाका, कारण सगळी मेहनत त्या एका पांढऱ्या रेघेने उघडी पडते. लाटेच्या माथ्यावर थोडा उजळ आणि खोलगट भागात थोडा गडद रंग दिला की छापील सपाटपणा जातो.

नवी_पलटण

दोघांचेही मनःपूर्वक आभार. अंतराचा हिशेब वाचल्यावर मी ३०वी पलटण जमिनीवर ठेवून खुर्चीवर उभा राहिलो आणि माझ्या तीनही लाल छटा खरोखरच एक होताना पाहिल्या. दोन शंका उरतात. ६९वी आणि ७३वी या दोन्ही हिरव्या आहेत, मग त्या वेगळ्या कशा दाखवाव्यात? आणि फ्रेंचांच्या निळ्या कोटावर पांढरे पट्टे हाच नियम लावून जाड काढावेत का?

दूरची_रांग

हिरव्यांमधला फरक खऱ्यापेक्षा मोठा करा. ६९वीला पोपटीकडे झुकणारा हिरवा आणि ७३वीला जवळजवळ काळपट हिरवा द्या. मधल्या छटा या आकारात निरुपयोगी आहेत.

फ्रेंचांच्या बाबतीत उत्तर उलट आहे. १८१२ च्या नियमांनुसार शिवलेल्या त्यांच्या आखूड कोटाची छाती कमरेपर्यंत पांढऱ्या पट्टीने झाकलेली असे. पांढऱ्यावर पांढरे पट्टे लांबून दिसत नाहीत, म्हणून ते काढूच नका. निळ्या बाह्यांच्या मध्ये पांढरा चौकोन भरा, त्यावर एक तिरपी राखाडी रेघ द्या आणि पुढच्या सैनिकाकडे वळा. शिवाय मोहिमेत अनेक फ्रेंच शिपाई ओव्हरकोट घालूनच लढत, त्यांचे कापडही एका रंगाचे नसे, त्यामुळे दर तिसऱ्या-चौथ्या सैनिकाला राखाडी, बदामी, मळकट तपकिरी असे ओव्हरकोट दिले तर काम हलके होते आणि पलटण अधिक खरी वाटते. पाठपिशव्या मात्र काळ्या करू नका, फ्रेंचांच्या त्या केसाळ गाईच्या कातड्याच्या असत. तांबूस तपकिरी द्या, काहींवर पांढरे ठिपके टाका. पाठीमागून पाहताना दोन सैन्यांमधला हा फरक फार सुंदर दिसतो.

१७ जूनच्या दुपारपासून रात्रभर मुसळधार पाऊस पडला होता, हेही लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंच्या विजारींचा खालचा भाग कोरड्या ब्रशने मातीच्या रंगाचा करा, आणि तोच रंग बेसच्या मातीसाठी वापरा. माणूस जमिनीवर ठेवल्यासारखा न दिसता तिच्यात रुतलेला दिसतो.

कोरडा_ब्रश

रंगांविषयी वर सगळे आले आहे, म्हणून मी फक्त हाताशी लागणाऱ्या गोष्टींबद्दल लिहितो.

सर्वांत बारीक म्हणून ०००० क्रमांकाचा ब्रश घेऊ नका. त्याच्या केसांत रंगच मावत नाही आणि जो मावतो तो सैनिकापर्यंत पोहोचेस्तोवर वाळतो. ० किंवा १ क्रमांकाचा, पण टोक शाबूत असलेला ब्रश घ्या. बारीक रेघ टोकामुळे येते, ब्रशच्या जाडीमुळे नाही.

पट्ट्या रंगवण्यापूर्वी आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांवर पांढऱ्या गोंदाच्या थेंबाने चिकटवा, एका काडीवर दोन, दोन्हींत बोटाएवढी फट ठेवून. मग एक रंग घ्यायचा आणि सगळ्या काड्यांवरचा तेवढाच भाग भरत जायचे. शेवटच्या काडीवर पोहोचेपर्यंत पहिली वाळलेली असते. एक-एक सैनिक पूर्ण करण्याची सवय मोडायला मला बराच काळ लागला, पण ती मोडल्याशिवाय ब्रिगेड पूर्ण होत नाही.

एक कळकळीची सूचना. या आकाराचे बरेचसे सैनिक शिसे मिसळलेल्या धातूत ओतलेले असतात. कडांवरचे जास्तीचे धातू कानशीने घासताना त्याची पूड उडू देऊ नका, काम झाल्यावर हात साबणाने धुवा, आणि ब्रशचे टोक ओठांनी सरळ करण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

बेसवर गवत लावताना २ मिलिमीटरचे उभे धागे वापरले तर सैनिक गुडघ्याएवढ्या गवतात बुडतात. वॉटर्लूच्या शेतांत राय हे धान्य माणसाएवढे वाढले होते, तेव्हा जिथे ते मुद्दाम दाखवायचे आहे तिथेच असे उभे धागे चालतील. इतरत्र बारीक भुकटीचे गवत पुरे. शेवटी वॉर्निश मॅटच द्या, कारण चमकदार वॉर्निशवर दिव्याचा प्रकाश उड्या मारतो आणि तुम्ही कष्टाने काढलेले पांढरे पट्टे त्यात विरघळतात. फवाऱ्याने देणार असाल तर दमट हवेत देऊ नका, वर दुधासारखा थर बसतो.

नवी_पलटण

या चर्चेच्या निमित्ताने पुढची हकीकत सांगतो. ६९वी पलटण वरच्या पद्धतीने रंगवली आणि ती तीन संध्याकाळींत पूर्ण झाली. तपकिरी प्रायमर, नारिंगीकडे जाणारा लाल, जाड पांढरी फुली, मनगटांवर पोपटी ठिपके, विजारींना चिखल. टेबलावर ठेवून लांब उभा राहिलो तर लाल रांग दिसली, आणि तिच्यातली माणसे वेगवेगळी दिसली. जुन्या ३०व्या पलटणीच्या कोटांवर उजळ लाल रंगाचा आणखी एक हात दिला आहे, पट्टेही पुन्हा जाड काढले आहेत. तिच्या चेहऱ्यांना मात्र हात लावला नाही.

निशाणांच्या पट्टीत ओतीव दोन काठ्या होत्या. ६९वीच्या एका काठीवर हिरवे निशाण चिकटवले. दुसरी काठी बारीक कात्रीने मुठीच्या वरून कापून टाकली आणि तो अधिकारी रिकाम्या हाताने तिथेच, हिरव्या निशाणाशेजारी, उभा ठेवला आहे.