मदत हवी आहे : दीर कॉलेज सोडून बागेत रमलाय, घरात अबोला आहे

नमस्कार मंडळी. आम्ही तासगाव तालुक्यातले. धाकटा दीर बीएस्सीची दोन वर्षं पास झाला आणि तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून घरी आला. आता द्राक्षबाग तोच बघतो. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीचे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावायला मजुरांच्या बरोबरीने उभा, पहाटे बॅटरी घेऊन पानं उलटी करून दावण्या रोग आलाय का बघणार, सगळं वहीत लिहिणार. कॉलेजात असताना तोंड पाडून बसायचा, आता पोटभर जेवतो.

मामंजींना मात्र हे पटत नाही. "मातीच चिवडायची होती तर फी कशाला भरली?" एवढंच बोलतात. त्यांचंही चुकतं असं नाही, बिनडिग्रीच्या पोराला मुलगी कोण देतंय इकडं! त्यात भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' आमच्याच मुलखातली, म्हणून मला वाटतं दोन्ही जमायला हवं.

तर विचारायचं असं, की २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनंतर बाहेर पडल्यास डिप्लोमाची सोय आहे. तो मिळवायला अर्ज कॉलेजात करायचा की विद्यापीठात? पास झालेल्या विषयांचे क्रेडिट (श्रेयांक) नाशिकच्या मुक्त विद्यापीठात धरून उरलेलं वर्ष बाग सांभाळत करता येईल का? कुणी केलंय?

आणि मामंजींशी हा विषय कुणी, कसा काढावा? मी सून, मी बोलले तर वेगळंच व्हायचं.