साठच्या दशकातली गाडी वळणाबाहेर पडताना फिरते. टर्बोची सवय आणि पिटचा हिशेबही हवा आहे

चौथागिअर

आर्केड पद्धतीचा फॉर्म्युला शर्यतींचा गेम आहे. साठच्या दशकातल्या गाड्यांपासून सुरुवात करून एकेक काळ जिंकत आजच्या गाड्यांपर्यंत यायचं, अशी रचना. टायरची झीज, इंधन, गाडीची मोडतोड आणि बदलतं हवामान, सगळं चालू ठेवलंय.

हायब्रिड काळातल्या गाड्या हातात नीट बसतात. अडचण जुन्या काळात आहे.

साठची गाडी वळणाच्या मध्यापर्यंत व्यवस्थित जाते. ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाकं सुटतात, उलट स्टिअरिंग दिलं की गाडी दुसऱ्या बाजूला झोका खाते आणि गवतात जाते. ऐंशीच्या टर्बो गाडीत आधी काहीच होत नाही आणि मग सगळी ताकद एकदम येते. तिसरा प्रश्न पिटचा (शर्यतीत टायर-इंधनासाठी थांबायची जागा): १० लॅपच्या शर्यतीत टायर बदलावेत की नाही, हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरवता येईल का?

सेटिंग: कंट्रोलर, ऑटोमॅटिक गिअर, एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी सोय) चालू, ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं रिकामी फिरू न देणारी सोय) बंद.

मागचं_चाक

पहिल्या प्रश्नाचं मूळ इतिहासातच आहे, म्हणून आधी तेवढं सांगतो.

फॉर्म्युला वनमध्ये पंख आले ते १९६८ मध्ये. त्या वर्षी मोनाकोला लोटसने पुढे छोटे पंख लावले आणि लगेच पुढच्या शर्यतीत, स्पाला, फेरारी आणि ब्रॅबम मागचे पंख घेऊन उतरले. त्याआधीच्या गाडीला जमिनीकडे दाबणारं असं काही नव्हतंच. त्यात १९६६ पासून इंजिन दीड लिटरवरून तीन लिटरचं झालं. १९६७ ला झान्डफोर्टमध्ये कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन पहिल्यांदा शर्यतीत उतरलं आणि जिम क्लार्कने त्याच दिवशी शर्यत जिंकली. म्हणजे सुमारे ४०० अश्वशक्ती, नक्षीचे टायर आणि डाउनफोर्स (हवेने गाडीला जमिनीकडे दाबणारा जोर) शून्य. गेम कितीही सोपा केलेला असला तरी या काळाच्या गाडीची चव जपायची तर मागची चाकं सैल ठेवावीच लागतात.

आता हाताची सवय. डाउनफोर्स वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. त्यामुळे आजच्या गाडीत वेगवान वळणावर घाबरून वेग कमी केला तर ग्रिपही कमी होते, आणि धीराने आत शिरलं तर गाडी चिकटते. साठच्या गाडीला हे लागू नाही. तिची ग्रिप ४० च्या वेगाला जेवढी, जवळजवळ तेवढीच २०० ला. तुम्ही आजच्या गाडीचा धीर तिथे वापरताय, म्हणून फसतंय.

करायचं असं:

ब्रेक पूर्णपणे सरळ रेषेत असतानाच मारा. आजच्या गाडीला १०० मीटरच्या पाटीवर ब्रेक लावत असाल तर इथे २०० वर लावून बघा आणि मग दर लॅपला १० मीटर पुढे सरका. स्टिक वळवायच्या आत ब्रेकचा ट्रिगर बराचसा सुटलेला हवा. ब्रेकमुळे वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि त्याच क्षणी वळवलं तर शेपटी बाहेर जाणारच.

ब्रेक सोडल्यावर लगेच ॲक्सिलरेटर साधारण पाव दाबून धरा आणि वळणाच्या आतल्या टोकापर्यंत तो तसाच ठेवा. हा दाब वेग वाढवायला नाही, मागच्या चाकांवर वजन टिकवायला आहे. वळणाच्या मध्यात ट्रिगर एकदम सोडणं हे एकदम दाबण्याइतकंच घातक. आतलं टोक ओलांडल्यावर स्टिक जेवढी सरळ होत जाईल तेवढाच ट्रिगर खाली जाऊ द्या. अर्धी स्टिक वळलेली असेल तर ट्रिगर अर्ध्याच्या पलीकडे नको.

दुसरा झोका येतो तो उलट स्टिअरिंग उशिरा काढल्यामुळे. शेपटी बाहेर जायची थांबली की स्टिक मध्यावर आणायची; गाडी सरळ होईपर्यंत वाट बघितली तर उशीर झाला. ट्रिगर मात्र पूर्ण सोडू नका, थोडा कमी करा.

आणि ऑटोमॅटिक गिअर बंद करा. वळणाच्या मध्यात तो आपल्या मनाने खालचा गिअर टाकतो आणि इंजिनाच्या ब्रेकने मागची चाकं सुटतात. तुम्ही ॲक्सिलरेटरला दोष देताय, पण निम्म्या वेळा गुन्हेगार गिअर असतो.

बूस्टगेज

वरच्या प्रतिसादाशी सहमत. टर्बोबद्दल मी लिहितो.

रेनोने १९७७ ला सिल्व्हरस्टोनला टर्बो गाडी आणली, दीड लिटरची, समोर तीन लिटरच्या साध्या इंजिनांच्या गाड्या. पहिला विजय १९७९ ला दिझाँला मिळाला. १९८६ पर्यंत पात्रता फेरीत काही इंजिनं हजार अश्वशक्तीच्या वर गेली होती. लॅग, म्हणजे ताकद यायला लागणारा उशीर, का येतो? टर्बोचं टर्बाइन (त्याच्या फिरण्याने इंजिनात जास्त हवा कोंबली जाते) फिरायला एक्झॉस्टचा वायू लागतो, वायू यायला ॲक्सिलरेटर दाबलेला लागतो. ट्रिगर सोडला की टर्बाइन मंदावतं, पुन्हा दाबल्यावर त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. म्हणून ताकद हवी त्या जागेच्या आधी मागावी लागते.

गेममध्ये हा उशीर किती ठेवलाय ते आधी मोजा. सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ट्रिगर पूर्ण सोडा, दोन मोजा, पुन्हा पूर्ण दाबा. आवाज बदलेपर्यंतचा वेळ लक्षात ठेवा. समजा पाऊण सेकंद निघाला, तर वळणाचं आतलं टोक यायच्या पाऊण सेकंद आधी ट्रिगर अर्धा दाबायचा. गाडी तेव्हा अजून वळतेच आहे, मन तयार होत नाही, पण बूस्ट (टर्बोची जादा ताकद) येतो तोवर नाक सरळ झालेलं असतं.

ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबून टर्बाइन फिरतं ठेवायची युक्तीही आहे. काही गेम दोन्ही ट्रिगर एकदम दाबले की फक्त ब्रेक घेतात. सरळ रस्त्यावर दोन्ही दाबून बघा. इंजिनाचा आवाज चढा राहिला तर युक्ती चालते.

गिअर एक वरचा ठेवा. दुसऱ्याचं वळण तिसऱ्यात घेतलं तर चाकांपर्यंत पोचणारा जोर कमी होतो आणि बूस्ट आल्यावर चाकं रिकामी फिरत नाहीत. पण आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) फार खाली गेले तर लॅग वाढतो, म्हणून अगदी मंद वळणाला दुसराच बरा. ट्रॅक्शन कंट्रोल या काळापुरता चालू करायलाही हरकत नाही.

मागचं_चाक

@बूस्टगेज ट्रॅक्शन कंट्रोलवर असहमत. बऱ्याच आर्केड गेममध्ये तो चाक फिरलं की ताकद कापतो. टर्बो गाडीत ताकद कापली की बूस्ट पडतो आणि लॅग पुन्हा पहिल्यापासून. लॅप सुरक्षित होतो पण हळू होतो. शिकताना चालू, वेगवान लॅप काढायचा असेल तेव्हा बंद.

बूस्टगेज

तीन पायऱ्या असतील तर सर्वात खालच्या पायरीवर ठेवावा, एवढी दुरुस्ती मान्य.

सत्तरच्या शेवटच्या गाड्यांबद्दलही एक सांगायचं राहिलं. लोटस ७८ आणि ७९ पासून गाडीच्या पोटाखालची हवा गाडीला खाली ओढू लागली. बाजूचे सरकते स्कर्ट जमिनीला टेकलेले असेपर्यंतच हे चालायचं. स्कर्ट उचलला गेला की दाब क्षणात नाहीसा. सरकते स्कर्ट १९८१ ला बंद झाले आणि १९८३ पासून पोट सपाट ठेवणं सक्तीचं झालं. गेममध्ये या काळाची गाडी वेगवान वळणात घट्ट आणि कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) चढली की अचानक सुटत असेल, तर ती चूक नाही, तो काळच तसा होता. त्या गाडीत कर्बला चाक लावू नका, ट्रॅक अर्धा मीटर अरुंद आहे असं समजा.

पिटवॉल

पिटचं गणित सोपं आहे, फक्त दोन आकडे लागतात.

पहिला: पिटमध्ये गेल्याने जाणारा एकूण वेळ. नुसता गाडी उभी असण्याचा वेळ धरू नका. पिटच्या रस्त्यावरून जाऊन आलेला लॅप आणि पुढचा लॅप यांची बेरीज घ्या, त्यातून दोन साध्या लॅपची वेळ वजा करा. दुसरा: टायर झिजल्याने दर लॅपला किती वेळ वाढतो. एकट्याने सरावाला पाच लॅप एकाच लयीत काढले की कळतं.

दर लॅपला वाढ 'व' आणि लॅप 'न' असतील, तर न थांबता जाणारा वेळ: व × न × (न − १) ÷ २. थांबलात तर प्रत्येक तुकड्यासाठी हेच वेगळं काढायचं, बेरीज करायची आणि त्यात पिटचा वेळ मिळवायचा.

तुमचे आकडे द्या, करून देतो.

चौथागिअर

मोजले. पिटमुळे १८ सेकंद जातात. दर लॅपला वाढ साधारण ०.४ सेकंद, पण आठव्या लॅपपासून गाडी फारच घसरते. आठव्याला नेहमीच्या वाढीवर आणखी दीड सेकंद, नवव्याला तीन, दहाव्याला साडेचार.

पिटवॉल

शेवटची ओळ महत्त्वाची. ती नसती तर उत्तर सरळ होतं: न थांबता ०.४ × ४५ = १८ सेकंद; मध्यावर थांबून ५ + ५ लॅप केले तर टायरमध्ये ८ सेकंद आणि पिटमध्ये १८, एकूण २६. थांबायचं नाही.

पण तुमचे टायर आठव्या लॅपला कोसळतात. न थांबता १८ + ९ = २७. थांबून २६. थांबल्याने फायदा एक सेकंदाचा, आणि तो पिटमधून बाहेर आल्यावर एक हळू गाडी पुढे आडवी आली तरी संपतो. त्यामुळे निर्णय मागच्या-पुढच्या गाड्या बघून घ्या: पाचव्या लॅपला मागे २० सेकंदांपर्यंत मोकळी जागा असेल तर थांबा, नसेल तर राहा. त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे टायरचं कोसळणं आठव्यावरून नवव्या लॅपवर ढकलणं. साठच्या गाडीत शेपटी सरकवत वळणं घेतली तर मागचे टायर आधी जातात. मागचं_चाक यांनी सांगितलेली पद्धत लागू झाली की हे आपोआप सुधारेल. मग आकडे पुन्हा मोजा.

इंधनाचा काळही बघा. खऱ्या शर्यतींत इंधन भरणं १९८४ ते १९९३ बंद होतं, १९९४ ते २००९ चालू, २०१० पासून पुन्हा बंद. इंधन भरण्याच्या काळात उशिरा थांबणाऱ्याला फायदा असायचा, कारण समोरचा भरलेली जड गाडी घेऊन बाहेर येतो आणि तुम्ही रिकाम्या टाकीवर दोन वेगवान लॅप काढता. २०१० नंतर उलटं झालं: नवे टायर आधी मिळवणारा पुढे जातो. तुमच्या गेममध्ये पिटमध्ये इंधन भरता येत असेल आणि वजनाचा वेगावर परिणाम होत असेल, तर उशिरा थांबण्याचा डाव करून बघा. टाकी गरजेपेक्षा जास्त भरू नका. गाडी उभी राहण्याचा वेळ इंधनाने वाढतो आणि टायर बदलून झाल्यावरही तुम्ही नळीसाठी थांबलेले असता.

ओली_रेषा

पावसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. टायर कधी बदलायचे ते आकाशाकडे बघून ठरवू नका, सेक्टरच्या (लॅपच्या तीन भागांपैकी प्रत्येकाच्या) वेळेवरून ठरवा. थेंब पडायला लागले तरी तीनपैकी दोन सेक्टर कोरडेच असतात. पावसाळी टायर कोरड्यावर वितळतात, म्हणून एक लॅप उशीर एक लॅप घाईपेक्षा स्वस्त पडतो. पंखांआधीच्या काळात मात्र पहिल्या थेंबालाच ब्रेक ३० ते ४० मीटर आधी आणा.

आणि ट्रॅकची आवृत्ती तपासा. एकाच नावाचा ट्रॅक वेगवेगळ्या काळात वेगळा असतो. मोंझाला १९७१ पर्यंत शिकेन (वेग कमी करायला लावणारी मुद्दाम केलेली वळणं) नव्हते. त्या वर्षी पहिले पाच जण ०.६१ सेकंदात आले आणि पीटर गेथिन ०.०१ सेकंदाने जिंकला. शिकेन १९७२ ला आले. हॉकेनहाइम २००२ ला ६.८ किलोमीटरवरून ४.६ वर आला, जंगलातले लांब सरळ रस्ते गेले. स्पा आधी १४ किलोमीटरचा होता, १९७९ पासून सुमारे ७ चा. जुन्या आवृत्तीत स्लिपस्ट्रीम (पुढच्या गाडीच्या मागे कमी हवेच्या विरोधात चालणं) हेच मुख्य हत्यार. शेवटच्या लॅपला शेवटच्या वळणातून पहिल्या क्रमांकाने बाहेर येऊ नका, दुसऱ्याने या, अर्ध्या सरळ रस्त्यापर्यंत मागे चिकटून राहा आणि मग बाजूला काढा.

चौथागिअर

गिअर मॅन्युअल केल्यावर दुसरा झोका जवळजवळ थांबला. पाव दाबलेला ट्रिगर मात्र स्थिर राहत नाही. कधी दहा टक्के होतो, कधी चाळीस.

मागचं_चाक

दोन सेटिंग बदला. ट्रिगरचा डेड झोन (दाबूनही काही न होणारा सुरुवातीचा भाग) शून्यावर आणा आणि ॲक्सिलरेटरचा वक्र असेल तर तो असा ठेवा की सुरुवातीच्या अर्ध्या दाबात कमी ताकद मिळेल. स्टिकचा डेड झोन शून्यापासून सुरू करून एकेक टक्का वाढवा. बोट काढल्यावर गाडी सरळ रस्त्यावर सरळ जायला लागली की थांबा. टीव्हीवर खेळत असाल तर चित्राचा गेम मोड चालू करा, नाहीतर उलट स्टिअरिंग नेहमीच उशिरा पोचेल. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) असतील तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, ३० ला ३३.३ ची. फ्रेमचा पर्याय असेल तर चित्राचा देखणेपणा कमी करून ६० घ्या.

सराव एकाच वळणावर करा, मंद आणि लांब अशा. ट्रिगर बोटाच्या टोकाने न दाबता मधल्या पेराने दाबला तर पाव दाब धरून ठेवणं सोपं जातं.