एएफएमसीच्या मुलाखतीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नीटच्या गुणांवर धाकट्या बहिणीला पुण्याच्या एएफएमसीचं (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय) पुढच्या फेरीचं बोलावणं आलंय. एमबीबीएसला एरवी मुलाखत नसतेच, त्यामुळे आमच्या चोपड्याकडे विचारायला कोणी सापडत नाही.

इंग्रजी आणि तर्काची टोईएलआर ही चाचणी, म्हणजे ३० मिनिटांत ४० प्रश्न, तिला जमते. घड्याळ लावून सराव चालू आहे. अडचण ५० गुणांच्या मुलाखतीची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरात अहिराणी. ‘सैन्यातच डॉक्टर का?’ याचं पाठ उत्तर धडाधड देते. पण सराव घेताना सरांनी मध्येच विचारलं, “वडील केळी लावतात ना, करपा कसा ओळखतात?” पानावर आधी पिवळे ठिपके, मग तपकिरी होऊन पान वाळतं, हे रोज बघणारी पोरगी इंग्रजी शब्द शोधत गप्प झाली. मराठीत लगेच सांगितलं. म्हणजे डोकं चालतंय, जीभ अडतेय.

रोज संध्याकाळी आम्ही दोघं इंग्रजीतच बोलतो. केळीची कापणी सुरू असल्याने पुण्याला क्लास लावणं शक्य नाही, ऑनलाइन चालेल. सैन्यात सेवा करण्याचा बॉन्ड आणि वैद्यकीय तपासणी यांचं वाचून झालंय, घरचे तयार आहेत.

जे स्वतः ही मुलाखत देऊन आलेत त्यांनी कृपया सांगा: शब्द अडला तर एखादं वाक्य हिंदीत बोललेलं मंडळाला चालतं का, की वेळ मागून मोडक्या इंग्रजीतच उत्तर पूर्ण करावं? आणि अशा आडव्या प्रश्नांचा सराव तुम्ही घरी कसा केलात?