मदत हवी आहे : पार्किन्सनमध्ये ग्लुटाथायोनची इंजेक्शने घ्यावीत का?

नमस्कार. आम्ही सांगलीत राहतो. माझे वडील मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. वहीतले त्यांचे टपोरे अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते, हे आधी शेठजींच्या लक्षात आले. पुढे सही जुळेना म्हणून बँकेतून धनादेश परत आला आणि तपासणीत पार्किन्सनचे निदान झाले. लेव्होडोपाच्या गोळ्यांचा गुण आहे. मात्र नात्यातल्यांनी सुचवलेल्या एका डॉक्टरांनी आता शिरेतून ग्लुटाथायोन (शरीरातच तयार होणारे, पेशींचे रक्षण करणारे द्रव्य) देण्याचा आग्रह धरला आहे. खर्च मोठा आहे आणि वडिलांना त्याची फार आशा वाटते आहे.

मला समजले ते असे. हालचालींसाठी मेंदूला लागणाऱ्या डोपामिन या रसायनाचे विघटन होताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. मेंदूच्या ज्या भागातल्या पेशी या आजारात मरतात, त्या सब्स्टँशिया नायग्रामध्ये लोह भरपूर असते आणि लोहाशी गाठ पडली की या पेरॉक्साइडपासून अतिशय घातक फ्री रॅडिकल्स बनतात. त्यांना आवरणारे ग्लुटाथायोन रुग्णांच्या याच भागात सुमारे 40 टक्के कमी आढळले आहे. म्हणजे डॉक्टरांचे म्हणणे निराधार नाही.

परंतु कमी पडलेले बाहेरून भरून काढले की आजार थांबतो, असे दिसत नाही. 800 रुग्णांवरच्या चाचणीत फ्री रॅडिकल्सना आवरणारेच ई जीवनसत्त्व रोज 2000 युनिट देऊनही आजाराची गती मंदावली नाही, हे 1993 मध्ये प्रसिद्ध झाले. तशाच कोएन्झाइम क्यू-10 या द्रव्याचे 2014 मध्ये तेच झाले. शिरेतून ग्लुटाथायोन देऊन पाहिलेली 2009 ची चाचणी तर अवघ्या 21 रुग्णांची होती आणि तिच्यातही ठोस फरक दिसला नाही. मला सर्वाधिक विचारात पाडले ते 2022 च्या निष्कर्षाने : लेव्होडोपा अजून सुरू न केलेल्या रुग्णांना मेंदूतले लोह कमी करणारे डेफेरिप्रोन दिले, लोह कमीही झाले, पण त्यांची लक्षणे औषधाविना असलेल्यांपेक्षा अधिक बिघडली. डोपामिन तयार करणाऱ्या एन्झाइमलाच लोह लागते, हे कळल्यावर त्यातली गुंतागुंत थोडी उमगली.

माझा कल इंजेक्शने न घेण्याकडे आहे, तरीही जाणकारांना विचारावेसे वाटते. रक्तात दिलेले ग्लुटाथायोन मेंदूच्या पेशींपर्यंत पुरेसे पोहोचते, याचा माणसांमधला काही भक्कम पुरावा आहे का? आपल्यापैकी कोणाच्या घरी हा उपचार झाला असल्यास चालणे, हाताचा कंप, अक्षर यांत पडलेला फरक किती टिकला, तेही कृपया लिहावे. नुसते 'बरे वाटले' एवढ्यावर निर्णय घेणे मला अवघड जाईल. आणि हाच पैसा नियमित फिजिओथेरपीकडे वळवायचा ठरल्यास, पार्किन्सनच्या रुग्णांना तोल सांभाळण्याचे व्यायाम घरी येऊन शिकवणारे कोणी सांगली-मिरजेत आहे का?