पंधरा मिनिटांत कॅन्सरच्या डॉक्टरांना काय काय विचारावं?

अबोली_१२: आईच्या (६१) स्तनातल्या गाठीची बायॉप्सी आली. कॅन्सर आहे. गुरुवारी ऑन्कॉलॉजिस्टना पहिल्यांदा भेटायचंय. पंधरा मिनिटंच मिळतात म्हणे, म्हणून चारच प्रश्न सुचवा, प्लीज. आईला सगळं माहीत आहे.

मीनाक्षी_के: धीर धर गं. यांच्या वेळी मी बावीस प्रश्न लिहून नेले होते. सातव्यालाच डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, पण मी हलले नाही! सगळे बावीस तुला व्यनित (खासगी निरोपात) पाठवलेत.

रात्रपाळी: चार म्हणतेय ती! त्यापेक्षा मोबाइलवर रेकॉर्ड कर. बाबांच्या वेळी 'कॅन्सर' ऐकलं आणि मी खुर्चीच्या हातावरचं फाटकं रेक्झिन सोलत बसलो. डॉक्टर काय बोलले ते आजही आठवत नाही, आतला पिवळा स्पंज तेवढा आठवतो.

मीनाक्षी_के: न विचारता रेकॉर्ड करू नकोस हं. आम्ही केलं, तर ते बोलायचेच थांबले.

रात्रपाळी: न विचारता कर असं मी कुठे म्हटलं?

सुतावरून_स्वर्ग: स्टेज विचारा, बाकी सगळं नंतर. आमच्या काकूंची ग्रेड ३ होती, म्हणजे तिसरी स्टेज.

पिंपळपान: साफ चूक. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात ती ग्रेड. गाठ केवढी आणि कुठवर पसरलीय ती स्टेज. ग्रेड ३ असून पहिली स्टेज असू शकते. याच घोळापायी मी पंधरा दिवस झोपले नव्हते.
अबोली, हे विचार: ईआर, पीआर (गाठ संप्रेरकांवर वाढते का ते सांगणाऱ्या चाचण्या) आणि हर-२ (पेशींवरचं एक प्रथिन) चे रिपोर्ट आले का? (हर-२ '२+' आलं तर ते अधांतरी, फिश ही जनुकाची चाचणी करावी लागते.) उपचार बरं करण्यासाठी आहेत की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी? हे विचारताना जीभ जड होते, तरी विचारच. आधी ऑपरेशन की आधी केमो, आणि तसं का? केमो चालू असताना रात्री ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला तर फोन कुणाला करायचा?

सुतावरून_स्वर्ग: काकूंना डॉक्टरांनी तिसरीच सांगितली होती. असो. सेकंड ओपिनियन घ्याच. मी तीन घेतली.

रात्रपाळी: आणि तिन्ही वेगळी निघाली, असंच ना?

पिंपळपान: घ्यायचंच तर बायॉप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून न्या, म्हणजे त्यांना स्वतः तपासता येतं.

वाटसरू: फाईल तारीखवार लावा. माझ्या फाईलला अकरा कप्पे होते, नर्सनी फोटो काढला. आणि हो, प्रश्न लिहून न्या.

मीनाक्षी_के: तेच म्हणतेय मी पहिल्यापासून.

अबोली_१२: आजच जाऊन आलो. सगळ्यांचे आभार, पण यादी निघालीच नाही. आई सकाळी ती वाचून म्हणाली, "यात माझा प्रश्न कुठाय?" आत गेल्यावर तिनेच विचारलं, "ऑपरेशननंतर उजवा हात खांद्याच्या वर जाईल ना? मी शिवते." डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. काखेतल्या किती लसिका गाठी (लिम्फ नोड) काढाव्या लागतील, हाताला सूज का येऊ शकते, व्यायाम कधीपासून करायचे, यातच दहा मिनिटं गेली. उरलेल्या वेळात मी ईआर-पीआर विचारलं. रिपोर्ट सोमवारी येणारेत.

रात्रपाळी: रेकॉर्ड केलंस का?

अबोली_१२: नाही. आईने मापांच्या वहीत लिहून घेतलंय.