आघातानंतरचे दिवस: ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

अपघात, पूर, हल्ला किंवा जवळच्या माणसाचा आकस्मिक मृत्यू यांपैकी काही ज्यांनी सोसले आहे, त्यांनी प्रसंगापेक्षा त्यानंतरच्या दिवसांविषयी येथे लिहावे, अशी विनंती आहे. तपशील सांगण्याची सक्ती नाही आणि लिहिताना जीव घाबरू लागला, तर लिखाण अर्ध्यावर सोडले तरी चालेल.

सुरुवात मी करते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री मी कुर्ल्याला एका ट्रकच्या टपावर बसून होते आणि दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत कळव्याला घरी पोहोचले. सासूबाईंनी दृष्ट काढली, ‘आता ते विसरून जा’ असे मायेने सांगितले आणि सर्वांच्या दृष्टीने प्रकरण मिटले. त्यानंतर मात्र कित्येक वर्षे जोराचा पाऊस लागला की मी रात्री तीन-तीनदा उठून जिन्याखाली पाणी आले आहे का ते पाहत असे आणि मुलाला शाळेत न पाठवण्यासाठी कारणे शोधत असे. अमिग्डला ही मेंदूतील रचना धोक्याच्या वेळचे आवाज आणि वास भीतीशी जोडून ठेवते, त्यामुळे पत्र्यावरचा पाऊस ऐकताच शरीर आधी दचकते आणि विचार मागून येतो, हे समुपदेशिकेने समजावले, तेव्हा ‘मी भित्री आहे’ हा माझा समज प्रथमच ढळला.

दिवा, वय 31

2019 साली माझ्या शेजारी दारात उभा असलेला प्रवासी मुंब्रा आणि कळवा यांच्या दरम्यान गाडीतून पडला. मला ‘विसर’ असे कोणी म्हटले नाही. उलट त्याच संध्याकाळी सहकाऱ्यांनी, मन मोकळे होईल या सद्हेतूने, मला सर्व काही बारकाईने तीनदा सांगायला लावले, आणि त्या रात्री मी डोळे मिटूच शकलो नाही. आघातानंतर लगेच माणसाला सर्व तपशील उगाळायला लावू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, हे मला फार उशिरा कळले.

मग मी लोकलच सोडली. शीळफाट्यावरून बसने ठाण्याला जाताना रोजचे दोन तास जास्त जात, तरी सुटल्यासारखे वाटे, आणि नेमके हे सुटल्यासारखे वाटणेच भीतीला जगवत होते, कारण गाडीत चढून सुखरूप उतरल्याचा अनुभव मेंदूला मिळतच नव्हता. उपचारात मी प्रथम दिव्याच्या फलाटावर गाडी न पकडता, छातीतील धडधड उतरेपर्यंत नुसता उभा राहिलो. नंतर दुपारच्या रिकाम्या धीम्या लोकलने मुंब्र्यापर्यंत एकच स्थानक गेलो. ठाणे गाठायला चार महिने लागले. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ प्रवासी पडल्याची बातमी आली, तेव्हा पुन्हा आठवडाभर झोप उडाली, परंतु या वेळी मी बस धरली नाही.

ऐरोली, परिचारिका

2021 च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मला स्वतःला काहीच झाले नव्हते, म्हणून त्रास होण्याचा हक्कही आपल्याला नाही, असे वाटे. घरी वॉशिंग मशिनने शिट्टी दिली, तरी प्राणवायू कमी झाल्याचा इशारा समजून मी धावत असे. दुसऱ्यांचे मरण वारंवार पाहणे हाही आघातच असतो, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ देणे, हे साधे तंत्र मला ड्युटीवर असतानाही उपयोगी पडले.

ठाणे, नौपाडा

मी पतीच्या नात्याने लिहितो आहे. भावाच्या अपघाती निधनानंतर पत्नी सहा महिने नीट झोपली नाही. ‘ठाण्याला पाठवा’ ही थट्टा मराठीत सर्रास चालते आणि ती ठाण्यात राहणाऱ्यालाही लागते. 1901 पासूनचे मनोरुग्णालय याच शहरात असताना, तिकडे जाताना कोणी पाहिले तर काय म्हणतील, या धास्तीने आम्ही ते सहा महिने वाया घालवले, याची खंत मला आजही आहे. शेवटी एका रात्री मीच टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोललो, आणि पलीकडच्या व्यक्तीने आधी माझी झोप कशी आहे, ते विचारले. लक्षणे महिन्याहून अधिक टिकली तर तज्ज्ञाकडे जावे, हे तेथेच कळले. आता ती गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही घेते. ती रात्री उठली की मी काही विचारत नाही, चहा टाकतो. कधी ती बोलते, कधी आम्ही नुसता चहा घेतो.